जोडीदार अंथरुणाला असताना तीन एकरांची शेती कशी चालवावी

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. त्यातली दोन एकर विहिरीच्या पाण्यावर भिजते आणि एक एकर कोरडवाहू आहे. दारात दोन संकरित गाई, एक कालवड आणि चार शेळ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ भरून आले म्हणून माझे यजमान कडब्याची गंजी झाकायला वर चढले, पाय घसरून खाली आले आणि त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून हाडात सळई बसवावी लागली. सहाव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले की पायावर पूर्ण भार देऊन चालायला निदान तीन महिने लागतील. त्या दिवशी रानात सोयाबीनची पाने पिवळी पडू लागली होती, कोरडवाहू तुकड्यात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी राहिली होती, मुलगा बारावीला होता आणि सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे होते. पुढे लिहिले आहे ते त्या तीन-साडेतीन महिन्यांत मी शिकले ते आहे. ज्यांच्या घरात अशी वेळ आली आहे, मग अंथरुणाला पती असो वा पत्नी, त्यांना ते उपयोगी पडावे म्हणून क्रमाने सांगत आहे.

सर्वांत आधी माझी चूक सांगते, कारण पुढची सगळी मांडणी तिच्यातूनच आली. पहिले दहा दिवस मी शेतीचा एकही भाग कमी केला नाही. जे काम दोघे करत होतो ते सगळे मी एकटीने करायचे आणि त्यातून वेळ उरला की यजमानांकडे बघायचे, असा माझा दिवस होता. अकराव्या दिवशी सकाळी यजमानांच्या टाचेची कातडी लाल होऊन दुखू लागल्याचे दिसले, कारण पाय तासन् तास एकाच जागी गादीवर टेकलेला राहत होता. त्याच संध्याकाळी मोठ्या गाईच्या एका सडातून दुधाऐवजी गाठी आल्या. सलग चार दिवस तिची धार उशिरा आणि घाईने काढली गेली होती. तेव्हा मी वहीत दिवसाचे तीन भाग नव्याने लिहिले. आजारी माणसाच्या सेवेच्या ठरलेल्या वेळा आधी, जनावरांच्या ठरलेल्या वेळा त्यानंतर, आणि या दोन्हींत जी जागा उरेल तेवढीच शेती. हा क्रम उलटा लावू नये. पीक चार दिवस थांबू शकते, गाय चार तास थांबू शकत नाही, आणि अंथरुणावरचा माणूस तर पाणी मागायलाही संकोचतो.

घर आधी तयार करावे

दवाखान्यातून सुटी मिळण्याच्या आदल्या दिवशी घरचे कोणी तरी पुढे पाठवून जागा तयार करून घ्यावी. माणसाला आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवण्यापेक्षा ओसरीलगतच्या खोलीत ठेवणे बरे, कारण तिथून अंगण आणि गोठा दिसतो, हाक ऐकू येते, आणि जाता-येता आपले लक्षही राहते. सुंभाची किंवा नवारीची झोळ पडलेली बाज वापरू नये. सपाट लाकडी किंवा लोखंडी पलंग घ्यावा आणि त्याची उंची एवढी असावी की कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा वर येणार नाहीत. आमचा पलंग बुटका होता, म्हणून चारही पायांखाली विटा देऊन त्या हलणार नाहीत अशा सिमेंटने पक्क्या केल्या.

आपल्याकडचे संडास बहुतेक बसके असतात आणि मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे कित्येक आठवडे शक्य नसते. बसक्या संडासावर ठेवता येते अशी मधोमध भोक असलेली खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी ती भाड्यानेही मिळते. वॉकर घेतानाच तीही घ्यावी. पलंगापासून संडासापर्यंतची वाट स्वतः वॉकर घेऊन एकदा चालून पाहावी. उंबरा, मोरीचा कट्टा, ओली शहाबादी फरशी, दारातले पायपुसणे या चार गोष्टी आपल्याला रोज दिसतात, पण त्यांत किती धोका आहे ते वॉकर हातात घेतल्यावरच कळते. आम्ही दोन उंबऱ्यांवर फळीचा उतार बसवला आणि पायपुसणे तीन महिन्यांसाठी उचलून ठेवले. पायरी आलीच तर चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असावे, म्हणजे आधार देणारा माणूस चुकीच्या बाजूने ओढत नाही.

उशी गुडघ्याखाली देऊ नये. तिने त्या वेळी बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. घडी केलेली चादर पोटरीखाली द्यावी, म्हणजे टाच अधांतरी राहते आणि तिच्यावर दाब येत नाही. आमच्याकडची लाल टाच एवढ्याच उपायाने आठवड्यात सुधारली.

सेवेच्या वेळा

पहाटे पावणेपाचला उठून मी आधी यजमानांचे लघवीचे भांडे, चूळ आणि पाणी बघत असे. साडेपाच ते सव्वासहा धारा आणि सातच्या आत दूध डेअरीवर. साडेसातला नाश्ता आणि गोळ्या, कारण दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत असे बजावले होते. आठला अंग पुसणे, कपडे बदलणे, व्यायाम. साडेनऊ ते साडेअकरा रान. मग घरी येऊन अर्धा तास, पुन्हा दीडपर्यंत काम, जेवण आणि तासभर पाठ टेकणे. संध्याकाळच्या धारा साडेपाचला, म्हणजे दोन धारांमध्ये बारा तासांचे अंतर राहते. या वेळापत्रकात एक नियम मी कधी मोडला नाही. पहिले सहा आठवडे दोन तासांपेक्षा जास्त वेळ यजमानांना सलग सासूबाईंवर सोपवले नाही. सासूबाई जिवाला जीव देणाऱ्या, पण उठवून बसवण्याची ताकद त्यांच्यात नाही, आणि माणसाला दर दोन तासांनी जरा कूस बदलून किंवा बसवून देणे गरजेचे असते.

व्यायाम डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने दाखवले असतील तेवढेच आणि तसेच करावेत. आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेला व्यायाम अगदी साधा होता. जागे असताना दर तासाला दोन्ही पावले घोट्यातून दहा-पंधरा वेळा वर-खाली करायची. पोटरीतले रक्त साकळू नये म्हणून तो असतो, त्यामुळे साधा म्हणून टाळू नये. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी पाटी टांगून ठेवली होती, आणि मुलगा अभ्यासातून उठला की खडूने एक रेघ ओढून वडिलांकडून तो करून घेत असे.

पाण्याविषयी थोडे जास्त लिहिते, कारण ते कोणी सांगत नाही. अंथरुणावरचा माणूस, विशेषतः आयुष्यभर स्वतःचे काम स्वतः केलेला शेतकरी, भांडे मागायला लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी पितो. त्यातून बद्धकोष्ठ होते, दुखण्याच्या गोळ्यांनी ते वाढते, आणि लघवीची जळजळ सुरू होते. यजमानांनी हे मला सांगितले नाही, सकाळी भरून ठेवलेला तांब्या दुपारी तसाच भरलेला दिसला तेव्हा कळले. मग मी रोज सकाळी दोन बाटल्या मोजून भरून ठेवू लागले आणि भांडे त्यांच्या हाताला येईल असे पलंगाखाली स्टुलावर ठेवले, म्हणजे मागण्याचा प्रश्नच उरला नाही. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर असे मोजमाप ठेवावे.

आहारात आमच्या भागात मिळणाऱ्याच गोष्टी पुरतात. नाचणीची आंबील किंवा भाकरी, तिळाची चटणी, घरचे दूध, रोज एक-दोन अंडी, डाळी आणि मोडाची मटकी. हाडाला कॅल्शियम लागते तसेच प्रथिनेही लागतात आणि पेजेवर ठेवलेल्या माणसाची भर लवकर होत नाही. तंबाखू आणि मिश्री या काळात पूर्ण बंद असावी, कारण निकोटीनमुळे हाड सांधायला वेळ लागतो. हे पाहुण्यांनाही स्पष्ट सांगावे, कारण चंची त्यांच्याच कमरेला असते.

गोठ्यातून येऊन तसेच जखमेजवळ जाऊ नये. मी दारातच साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, वरचा सदरा बदलून मगच आत जात असे. गोठा घराला लागून असेल तर माश्या येतातच, म्हणून दिवसाही मच्छरदाणी लावावी. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, जखम कोरडी ठेवायची. हळद, शेण, चुना यांपैकी काहीही तिच्यावर लावायचे नाही. हाडवैद्याकडून चोळून घ्या, लवकर चालाल, असे सांगणारे तिसऱ्या दिवसापासून येतात. सळई बसवलेला पाय चोळल्याने हाड हलू शकते, आणि पोटरीत रक्ताची गाठ झालेली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. माझे चुलत सासरे स्वतः तेलाची बाटली घेऊन आले होते. मी त्यांना पाट मांडून चहा दिला, पण बाटली उघडू दिली नाही.

पुढील लक्षणे दिसली तर रानातले काम टाकून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटरी अचानक सुजणे, गरम लागणे आणि दुखणे, थंडी वाजून ताप येणे, जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, पायाची बोटे बधिर, गार किंवा निळसर होणे. दम लागणे किंवा छातीत कळ येणे यासाठी वाटच पाहू नये, लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेती किती आवरावी

घडी बसली की कागद घेऊन प्रत्येक तुकड्यासमोर लिहावे की येत्या शंभर दिवसांत याला किती माणसांचे किती दिवस लागतील. उत्पन्न किती येईल हा आकडा त्या वेळी दुसऱ्या रकान्यात लिहावा. आमच्याकडे सोयाबीन काढून त्या एकरात दरवर्षी गावरान कांदा असतो. कांद्याला रोप टाकणे, लावण, दोन-तीन खुरपण्या, फवारण्या, काढणी आणि काटणी एवढे सगळे हाताने करावे लागते, आणि प्रत्येक टप्प्याला मजूर जमवणे, त्यांच्यामागे उभे राहणे आलेच. आम्ही त्या वर्षी कांदा टाळून हरभरा केला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले विक्रम हा वाण उंच वाढतो आणि यंत्राने काढता येतो, म्हणून तोच निवडला. बी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरले. पेरण्यापूर्वी बियाण्याला किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोखणारी उपयोगी बुरशी, आणि त्यानंतर मुळांवर नत्राच्या गाठी धरणारे रायझोबियम जिवाणू चोळले. पेरणीनंतर फुले लागताना एक आणि घाटे भरताना एक अशी दोनच पाणी दिली. घाटे अळीसाठी पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्या आणि निंबोळी अर्क मारला. कांद्याचा दर नंतर चांगला निघाला हे खरे आहे. तरीही माझा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण कांद्याच्या लावणीच्या दिवसांत यजमान पहिल्यांदा वॉकर घेऊन उभे राहत होते आणि तेव्हा मी घरात होते.

शाळूची पेरणी मात्र सोडली नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओल असते, पेरून दिला की कोरडवाहू शाळू फारसे काही मागत नाही, आणि वर्षाचा कडबा त्यातूनच येतो. वैरणीचे पीक कधीही कमी करू नये. पुढच्या वर्षी विकत घेतलेली वैरण या वर्षी वाचवलेल्या मजुरीपेक्षा महाग पडते.

सोयाबीनची काढणी थांबवता येत नाही, कारण शेंगा वाळल्यावर तडकतात. ती आम्ही उक्ती दिली, म्हणजे सगळ्या कामाचा दर आधी ठरवून ते एकदम सोपवले. उक्ते काम रोजंदारीपेक्षा थोडे महाग वाटते, पण मालकाला दिवसभर बांधावर उभे राहावे लागत नाही आणि या काळात आपला वेळ हाच सर्वांत तुटपुंजा माल असतो. दर, काढणी-मळणी दोन्ही धरून आहे की नाही, आणि पोती घरपोच करायची की नाही, हे तिन्ही आधी बोलून घ्यावे. मळलेले सोयाबीन पैशाच्या गरजेपोटी पडत्या दरात घालण्याची पाळी आमच्यावर आली होती. त्याऐवजी बाजार समितीमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण कर्ज योजनेत माल ठेवला. तिच्यात सोयाबीनसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. माल चांगला वाळलेला असावा लागतो. आपल्या बाजार समितीत ही सोय आहे का, ते काढणीपूर्वीच विचारून ठेवावे.

पैरा ही आपल्याकडची जुनी रीत आहे. एकाने दुसऱ्याच्या रानात राबायचे आणि त्याने परत आपल्या रानात यायचे. कोणी तिला सावड म्हणतात. या काळात लोक येतात आणि पैरा नको, तसेच करून देतो म्हणतात. मनापासून म्हणतात. तरीही मी प्रत्येकाचे दिवस वहीत लिहून ठेवले आणि पुढच्या हंगामात फेडले. असे केल्याने दुसऱ्यांदा हाक मारताना जड वाटत नाही. भेटीला येणाऱ्यांनाही काम सांगायला लाजू नये. शेजारच्या जाऊबाई विचारायला येत तेव्हा मी त्यांना येतानाच औषधांच्या दुकानातून गोळ्या आणायला सांगत असे, भावजी पशुखाद्याचे पोते मोटारसायकलवर टाकून आणत. भेटीची वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेसात एवढीच ठेवली होती. पहिल्या आठवड्यात दिवसभर चहा करण्यातच माझे दोन तास जात होते.

गोठा

जनावर नव्या हाताला लगेच पान्हा देत नाही. यजमान धार काढत ती गाय माझ्या हाताला पहिले तीन दिवस अर्धेच दूध देई. मी त्यांचाच जुना सदरा अंगात घालून, त्यांच्यासारखेच तिच्याशी बोलत, आंबोण पुढ्यात ठेवून बसू लागले, तेव्हा ती सैल झाली. पान्हा सोडल्यानंतर पाच ते सात मिनिटांतच धार संपवावी लागते. अंगठा मुडपून धार काढण्याची सवय असेल तर ती सोडून पूर्ण मुठीने काढावी, सडाला इजा होत नाही आणि हातही कमी दुखतो. कास धुऊन कोरडी पुसावी, पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत घेऊन गाठी आहेत का पाहावे, धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि वैरण टाकून गाईला अर्धा तास उभी ठेवावी, कारण तेवढा वेळ सडाचे तोंड उघडे असते. आमच्या गाईला दगडी, म्हणजे कासेच्या सुजेचा आजार, झाली तेव्हा मी यातले निम्मे विसरले होते. पशुवैद्यकाने प्रतिजैविके दिली आणि सांगितले तितके दिवस तिचे दूध डेअरीला घातले नाही. पशुवैद्यक मिळत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.

दुसरी गाय सात महिन्यांची गाभण होती. विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवायचीच असते, ती मी वेळेवर आटवली आणि दिवसाच्या दोन धारा कमी झाल्या. शेळ्या बहिणीकडे निम्म्या वाट्याने सांभाळायला दिल्या. गाई विकू नयेत असे माझे मत आहे, कारण दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल हाच त्या काळात घरातला नियमित पैसा असतो.

दोन बदलांनी मात्र रोजचा दीड-दोन तासांचा वेळ वाचला. पहिला म्हणजे मुक्त गोठा. गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेला आम्ही बांबू आणि तारेचे कुंपण केले, आत पाण्याची टाकी ठेवली आणि गाई मोकळ्या सोडल्या. त्या लागेल तेव्हा पाणी पितात, सावलीला बसतात, आणि शेण रोज दोन वेळा उचलण्याची गरज राहत नाही. दुसरा म्हणजे मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवून टिकवलेली हिरवी वैरण. रोज भारा कापून, डोक्यावर आणून, कुट्टी करणे एकट्या माणसाला झेपत नाही. आम्ही मक्याच्या मुरघासाच्या तयार पिशव्या विकत घेतल्या. तो एकदम सुरू करू नये, आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा आणि बुरशी दिसलेला भाग टाकून द्यावा. कुट्टी यंत्र चालवायचेच असेल तर पदर खोचून, बांगड्या काढून आणि घरात दुसरे माणूस जागे असतानाच चालवावे.

पाणी आणि रात्र

शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीच्या पाळीत एकटीने पाणी द्यायला जाऊ नये, हे मी फार ठामपणे सांगते. घरात एक माणूस पडलेला असताना दुसऱ्याने अंधारात विहिरीवर जाण्याइतके मोलाचे कोणतेही पीक नाही. हरभरा घेण्याचे एक कारण हेही होते की त्याचे पाणी दिवसपाळीच्या आठवड्यापर्यंत लांबवता येते. वैरणीच्या तुकड्याला आम्ही ठिबकच्या नळ्या आणि मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला. त्यात सिमकार्ड असते आणि फोनवरून मोटार चालू-बंद करता येते. अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे आणि पेटीला ओल्या हाताने कधी हात लावू नये. गवतात जाताना गमबूट आणि बॅटरी हवीच, कारण आमच्याकडे घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत. चावल्यास जखम कापणे किंवा आवळून बांधणे यात वेळ न घालवता, चावलेला भाग न हलवता सर्पविषावरचे प्रतिविष (इंजेक्शन) असलेल्या रुग्णालयात जावे.

पलंगावरून होणारी कामे

मोबाइल स्टार्टर बसवल्याचा सर्वांत मोठा फायदा मला वाटला होता त्याहून वेगळाच निघाला. पहिल्या महिन्यात यजमान गप्प होत चालले होते. स्टार्टरचा फोन मी त्यांच्याकडे दिला आणि पाण्याचे सगळे वेळापत्रक त्यांच्यावर सोपवले. त्या दिवसापासून सकाळी पहिला प्रश्न त्यांचा येऊ लागला की वरच्या तुकड्यात ओल किती आहे. मग मजुरांना फोन, उक्त्याचा हिशेब, डेअरीच्या पावतीवरचे फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि इतर घन घटकांचे प्रमाण) वहीत उतरवणे, बाजारभाव पाहणे, बियाण्याच्या दुकानदाराशी बोलणे, ही सारी कामे त्यांच्याकडे गेली. मी संध्याकाळी पिकाचे फोटो काढून आणी आणि यजमान ते पाहून पुढचे ठरवत. बरे होणाऱ्या माणसाला काळजी नको म्हणून शेतीतले काही सांगायचे नाही, असे अनेक घरांत करतात. आमच्या अनुभवात न सांगण्याची काळजी जास्त होती. फक्त एक पथ्य पाळावे, की दिलेले काम खरे असावे आणि त्यांनी घेतलेला निर्णय आपण मागून बदलू नये.

कागदपत्रांचे काम दोघांनी मिळून पहिल्या पंधरवड्यात उरकावे. दुधाचे बिल आणि इतर पैसे पतीच्या एकट्याच्या खात्यात जमा होत असतील तर खाते दोघांचे करून, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशी नोंद बँकेत करून घ्यावी. ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची सरकारी ॲपवरची नोंद, विसरू नये. तिचा फोटो प्रत्यक्ष रानात उभे राहून काढावा लागतो, पण नोंदणी खातेदाराच्या नावाने असते, म्हणून फोन आणि संकेतांक आपल्याकडे हवा. पीएम किसानची ई-केवायसी त्या योजनेच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून घरबसल्या होते. सोसायटीच्या पीक कर्जाची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, कारण व्याजाची सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते.

उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार दवाखान्यात दाखल होतानाच करावा लागतो. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन नोंद करायची असते. आपण खर्च करून नंतर पैसे परत मागण्याची ही योजना नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेविषयीही आम्हाला अनेकांनी सांगितले. ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, म्हणजे हात, पाय किंवा डोळा गमावल्यास. सांधून येणाऱ्या हाडासाठी तिच्यात अर्ज करण्यात वेळ घालवू नये. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव नसेल तर पतीच्या अर्जावरून ते सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. त्या काळात मी ज्या ज्या खिडकीवर उभी राहिले तिथे पहिला प्रश्न जमीन कोणाच्या नावावर हाच होता. आमचा अर्ज यजमानांनी पलंगावर बसून सही केला.

काम परत सोपवताना

सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी एक्स-रे झाले. भार किती द्यायचा ते प्रत्येक वेळी डॉक्टरांनीच सांगितले आणि आम्ही त्याच्या पुढे एक पाऊलही गेलो नाही. दुखणे थांबले म्हणजे हाड भरले असे नसते. परत येताना कामांचा क्रम असा ठेवला. आधी अंगणात खुर्चीवर बसून होणारी कामे, म्हणजे शेंगा निवडणे, दोऱ्या वळणे, वासराला दूध पाजणे. मग काठी घेऊन सपाट वाटेने बांधापर्यंत. ढेकळांच्या रानात आणि चिखलात त्यानंतर बराच काळ नाही. फेब्रुवारीत हरभऱ्याला यंत्र आले तेव्हा यजमान बांधावर खुर्ची टाकून पोती मोजत होते. ट्रॅक्टरचा क्लच, डोक्यावर ओझे, गंजीवर चढणे यांसाठी डॉक्टरांची वेगळी परवानगी घेतली. उकिडवे बसून धार काढणे सर्वांत शेवटी आले, तेही गुडघ्याला ताण पडत होता म्हणून सुताराकडून वीतभर उंचीची लाकडी तिवई करून घेतली. सकाळची धार आता ते काढतात आणि संध्याकाळची मी. तिवई दोघेही वापरतो.